अंगठा का लागत नाही? बोटांच्या ठशांची पार्श्वभूमी

निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागातील तालुक्यांत रेशन दुकानावर ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रार नवी नाही, आणि ती करणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायका, गवंडी, ऊसतोड मजूर आणि म्हातारी माणसे अधिक असतात. ठसे जन्मभर बदलत नाहीत असे सांगितले जात असताना ते यंत्राला दिसेनासे कसे होतात, हे कळण्यासाठी त्यांची घडण पाहावी लागते.

गर्भ साधारण ७ आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर लहान उंचवटे येतात. १०व्या-११व्या आठवड्यापासून बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी झपाट्याने वाढून आतल्या बाजूला घड्या पाडू लागतात आणि १७व्या आठवड्याच्या सुमारास मुख्य रेषांची मांडणी ठरून जाते. उंचवटा फुगीर असतानाच रेषा पडल्या तर बहुधा चक्र होते, तो बसल्यावर पडल्या तर कमान, आणि मधल्या अवस्थेत शंख. आराखडा आनुवंशिक असला तरी गर्भाशयातील बारीकसारीक फरकांमुळे एकसारख्या जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत.

आपल्याकडे सरकारी कामात ओळखीसाठी ठसा वापरण्याची सुरुवात मात्र कचेरीच्या अविश्वासातून झाली. १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो त्याने पुढे करार नाकारू नये म्हणून. नंतर हर्शेलने स्वतःच्याच बोटांचे ठसे ५० हून अधिक वर्षे अधूनमधून घेऊन ते तसेच राहतात हे दाखवले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग उघडला. ठशांच्या वर्गीकरणाची मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस कर्मचाऱ्यांची, नाव मात्र साहेबाचे, बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्रीचे, लागले. पुढे ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ हे शब्द मराठी दस्तांत रुळले, पण शाईचा तो ठसा वाद उद्भवल्याशिवाय कोणी पडताळत नसे. आधारची नोंदणी २०१० मध्ये सुरू झाली आणि पडताळणी नित्याची झाली.

यंत्र वाचते ते वरचे कातडे, तर रेषांचा साचा असतो त्याच्या खाली. तेंदूचे पान दिवसभर बोटांत वळताना वरच्या रेषा घासून सपाट होतात, सिमेंट आणि चुना तर कातडीच खातात, आणि वयानुसार ती कोरडी व सैल होते. काम थांबले तर काही आठवड्यांत नवे कातडे त्याच रेषा घेऊन वर येते. हातावर पोट असलेल्यांना तेवढी सवड मिळत नाही, हा भाग वेगळा. खालच्या थरापर्यंत गेलेली जखम किंवा भाजणे मात्र कायमचा वण ठेवते, आणि तो वणच पुढे ओळखीची खूण ठरतो. कॅन्सरवरील कॅपेसिटाबिन या औषधानेही काहींचे ठसे पुसट झाले आहेत.

प्रौढांच्या आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे आणि बुबुळेही घेतली जातात. त्यामुळे अंगठाच लागला पाहिजे असे नाही; कमी झिजलेले दुसरे कोणतेही बोट यंत्रावर ठेवून पाहता येते.