दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं

मृग लागता लागता पुण्यातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीत, एका जुन्या टबात दुधीच्या दोन बिया टोचल्या. दीड-दोन महिन्यांत वेल मांडवावर चढला, फुलावर आला. बोटभर बाळदुधी दिसला की घरात वर्दी जायची. तिसऱ्या दिवशी तो टोकाकडून पिवळा पडून गळायचा. नऊ गळाल्यावर मी मोजणं सोडलं.

मग सगळे करतात तेच केलं, खत घातलं. आधी शेणखत, मग पेंडीचं पाणी. पानं ताटाएवढी झाली, दुधी गळतच राहिले. नत्र जास्त झालं की या कुळातले वेल पाल्यावर जोर देतात आणि नर फुलंच जास्त काढतात, हे मला फार उशिरा कळलं.

उलगडा झाला तो कपडे काढायला उशीर झाला म्हणून. संध्याकाळी सात वाजता गच्चीत गेले तर मांडवावर पांढरीशुभ्र फुलं टवटवीत उमललेली. हीच फुलं मी रोज सकाळी मलूल झालेली बघत होते. दुधी दिवस मावळताना फुलतो. अंधारात उठून दिसणारा पांढरा रंग निशाचर पतंगांसाठी असतो. सहाव्या मजल्यावर, सोसायटीच्या दिव्यांच्या झगझगाटात, माझ्या वेलाकडे ते फिरकत नसावेत.

बाळदुधी म्हणजे फळ नव्हे, हेही तेव्हाच नीट समजलं. मादी फुलाच्या खाली जन्मतःच दुधीच्या आकाराचा अंडाशय असतो. नर फुलाला नुसता लांब, बारीक देठ. पराग पोचले नाहीत तर वेल त्या अंडाशयावर अन्न खर्च करत नाही, गाळून टाकतो. गळती हा रोग नव्हता, वेलाचा हिशेब होता.

त्या संध्याकाळपासून एक नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा, हा नेम सुरू झाला. आठवडाभरात पहिला दुधी हातभर झाला. पण दुसरा निघाला विचित्र, एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे आखडलेला. चिरून पाहिला. फुगलेल्या बाजूला बिया भरलेल्या, आखडलेल्या बाजूला नुसती पापुद्र्यासारखी टरफलं. प्रत्येक बीसाठी स्वतंत्र परागकण लागतो आणि वाढणारी बी जी संप्रेरकं सोडते त्यांच्यामुळे भोवतीचा गर पोसतो. मी त्या दिवशी घाईत कुक्षीची एकच बाजू माखली होती, ती चूक दुधीने जशीच्या तशी दाखवली.

वेळेचं हे गणित प्रत्येक वेलाचं निराळं. दोडका आणि घोसाळं सख्खे भाऊ, पण दोडका संध्याकाळी फुलतो आणि घोसाळं पहाटे. काकडी, कारलं, लाल भोपळा हेही सकाळचे. त्यामुळे शेजारच्या गच्चीतल्या घोसाळ्यावर सातेरी आणि फुलोरी माश्यांची वर्दळ असायची, तिथे माणसाने हात लावायची गरजच नव्हती. आपल्याकडे मधमाश्या नाहीत, अशी मी उगाच तक्रार करत होते. त्या येत होत्या, माझं दुकान बंद असताना.

टोमॅटो-वांग्यांची तऱ्हा आणखी वेगळी. एकाच फुलात नर-मादी दोन्ही, पण पराग परागकोशांच्या नळीत कोंडलेले, मिठाच्या डबीसारखे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. साध्या मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग खाली सांडतात. तो गुंजारव नीट ऐकलात तर उडतानाच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीतला असतो. माझ्याकडे भुंगा नव्हता, जुना इलेक्ट्रिक टूथब्रश होता. तो सकाळी फुलाच्या देठाला टेकवायचा. घरच्यांनी यथेच्छ हसून घेतलं, टोमॅटो मात्र धरले.

शेजारच्या काकूंनी एकदा बजावलं, कारल्याजवळ दुधी लावू नकोस, कडू होईल. तसं होत नाही, कारण या दोघांचा संकर होतच नाही. शिवाय गर आईवेलाचा असतो, यंदा कोणाचे पराग पडले यावरून त्याची चव ठरत नाही. रानटी कडू दुधीचे पराग पडले तर परिणाम दिसेल तो त्या बिया पुढच्या वर्षी पेरल्यावर. पण काकूंची भीती अगदीच वावगी नव्हती. दुधी कडू निघतो तो क्युकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे, आणि शिजवूनही ते जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही त्याबद्दल सावध केलं आहे. म्हणून घरचा असो की बाजारचा, चिरल्यावर आधी इवलीशी फोड जिभेवर ठेवायची, कडू लागली तर थुंकून अख्खा दुधी टाकून द्यायचा.

मांडवावर एक दुधी वाळायला ठेवलाय, बियांसाठी. त्याच्या मादी फुलाला उमलायच्या आदल्या संध्याकाळीच दोरा बांधला होता, आणि त्याच वेलाचे पराग लावून झाल्यावर पुन्हा बांधला. चुकून एखादा पतंग सहाव्या मजल्यावर आलाच असता तर?