पुलाचा संगणकातला जुळा

१ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. चौकशीत दोष सापडला तो १९६० च्या दशकातल्या मूळ आराखड्यात. पोलादी सांगाड्याचे दांडे जिथे एकत्र येतात तिथल्या जोडपट्ट्या, म्हणजे गसेट प्लेट, हव्या होत्या त्याच्या निम्म्याच जाडीच्या निघाल्या. पुढे दुरुस्त्यांमध्ये काँक्रीटचा थर चढत गेला. त्या दिवशी तर दुरुस्तीची खडी, वाळू आणि यंत्रं असा सुमारे २६० टनांचा भार पुलावर होता. आणि २००३ साली काढलेल्या फोटोंत त्यातल्या काही पट्ट्या वाकलेल्या दिसतही होत्या!

आराखडा, फोटो, वाढलेलं वजन, सगळं होतं. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडली नव्हती. ती घालून देणं हे डिजिटल ट्विनचं, म्हणजे संगणकातल्या जुळ्याचं काम. २००२ मध्ये मायकेल ग्रीव्ह्ज यांनी कारखान्यातल्या उत्पादनांसाठी ही कल्पना मांडली. रस्ते आणि पूल तिच्याकडे बरेच उशिरा वळले.

लेझरने मोजून बनवलेलं, माउसने गरगर फिरवता येणारं पुलाचं त्रिमितीय चित्र अनेकदा जुळा म्हणून दाखवलं जातं. माझ्या मते तो नुसता फोटो अल्बम. जुळ्याला गणित यावं लागतं. तीस टनांचा ट्रक गेला तर ही तुळई किती वाकायला हवी, हे त्याने आधी सांगायचं. प्रत्यक्षात किती वाकली, ते तुळईवरचा सेन्सर सांगतो. दोन्ही आकडे जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर त्या फरकातच खरी बातमी असते.

पण फरक कशामुळे पडला, हे ओळखणं मोठं अवघड. स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ या पुलाची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी आहे. हा पूल पाडायचाच होता. म्हणून १९९७-९८ मध्ये संशोधकांनी जवळपास वर्षभर त्याची कंपनं मोजली आणि शेवटी मुद्दाम त्याला इजा केली: एक खांब काही सेंटिमीटर खाली घेतला, आतल्या ताणलेल्या पोलादी तारा तोडल्या. प्रत्येक पूल आपल्या ठरावीक गतीने थरथरतो आणि तो कमकुवत झाला की ती गती मंदावते, या तत्त्वावर सारी मदार होती. गती मंदावली खरी. पण त्याआधीच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने ती चांगलीच वाढलीही होती. उन्हाळ्यात मऊ असणारं वरचं डांबर गोठून कडक झालं आणि सगळा पूलच ताठ झाला. ऋतूंनी घडवलेला हा बदल इजेमुळे झालेल्या बदलापेक्षा मोठा होता! म्हणजे ज्या जुळ्याला तापमान कळत नाही, तो वसंतात बर्फ वितळला की धोक्याची घंटा वाजवणार आणि खऱ्या तड्याच्या वेळी कदाचित गप्प बसणार.

रस्त्याचं गणित त्यामानाने सरळ, पण निष्ठुर. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले, तेव्हा दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. म्हणून वाहनांच्या नुसत्या संख्येवर विसंबून चालत नाही. धावत्या ट्रकचं वजन करणारे सेन्सर रस्त्यात बसवावे लागतात. मग एकाच महामार्गाची अवजड वाहनांची मार्गिका शेजारच्या मार्गिकेपेक्षा किती लवकर म्हातारी होते, ते जुळा दाखवतो.

आय-३५ डब्ल्यूच्या जागी सप्टेंबर २००८ मध्ये खुला झालेल्या नव्या पुलात ३०० हून अधिक सेन्सर आहेत. तसे जुन्या पुलावर असते तर तो वाचला असता का? खात्रीने सांगता येत नाही. पुलाची भारक्षमता तपासताना त्या काळी जोडपट्ट्या हिशेबात धरतच नसत. त्याच गणितावर पोसलेल्या जुळ्यानेही त्या सोडून दिल्या असत्या.

शिवाय जुळ्याला रोजची खबर द्यावी लागते. समजा, शंभर मीटर लांब आणि बारा मीटर रुंद पुलावर डांबराचा पाच सेंटिमीटरचा नवा थर टाकला, तर वजन सुमारे १४० टनांनी वाढतं. काम संपवून माणसं घरी गेली आणि ही नोंद कुणी संगणकात केलीच नाही, तर दुसऱ्या दिवसापासून जुळा एका वेगळ्याच, हलक्या पुलाचा हिशेब करत बसतो.