डोळ्यातले प्रतिध्वनी: नेत्र-सोनोग्राफी आली कुठून?

मोतीबिंदू पिकून पांढराफटक झाला की नेत्रतज्ज्ञाची पंचाईत होते. भिंग बदलता येईल, पण मागचा पडदा जागेवर आहे का? तो आधीच सरकलेला असेल तर नवं भिंग घालून हाती काही लागणार नाही. काचद्रवात, म्हणजे भिंगामागच्या पारदर्शक जेलीसारख्या भरावात, रक्त साचलं असेल तर हाच प्रश्न आणखी तातडीचा होतो. बाहुलीतून कितीही प्रखर उजेड टाका, तो परत येत नाही.

ही अडचण नेत्रवैद्यकाला जास्त टोचली, कारण त्याला आत पाहायची सवय होती. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोपचं, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या उपकरणाचं, वर्णन प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कुठलीही चिरफाड न करता डोळ्यांनी पाहता येऊ लागल्या. इतर डॉक्टर पोटावर हात ठेवून, छाती ठोकून अंदाज बांधत होते, तेव्हा नेत्रतज्ज्ञ सरळ खिडकीतून डोकावत होता. पण खिडकी गढूळ झाली की त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं.

खिडकी स्वच्छ असली तरी चुका व्हायच्याच. मेलानोमा, म्हणजे डोळ्यातला रंगपेशींचा कर्करोग, समजून काढलेले डोळे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. १९६४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशाच एका आढाव्यात जवळपास पाचांतल्या एका डोळ्यात तो कर्करोग नव्हताच. पृष्ठभाग दिसत होता, पण उंचवट्याच्या आत काय भरलं आहे ते कळत नव्हतं. काढलेला डोळा परत बसवता येत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याची धार कळते.

उत्तर मिळालं ते पाणबुड्या आणि पोलाद यांच्या दुनियेतून. झाक आणि पियेर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. उलट बाजूनं, वीज दिली की तेच स्फटिक कंप पावतात. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा वापर करून पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्याचा प्रयत्न केला. १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांच्या यंत्रानं धातूच्या ओतीव तुकड्यातली न दिसणारी भेग शोधायला सुरुवात केली. ध्वनीचा ठोका आत सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळानं, किती जोरात आला ते पाहायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व. नेत्रतज्ज्ञांनी पुढे नेमकं हेच उचललं.

१९५६ मध्ये शिकागोच्या मंड आणि ह्यूज यांनी डोळ्यातल्या गाठींच्या निदानासाठी श्राव्यातीत ध्वनी (अल्ट्रासाउंड, कानाला ऐकू न येणारा) वापरल्याचा लेख प्रसिद्ध केला. या पद्धतीला आज ए-स्कॅन म्हणतात. त्यात चित्र नसतं. स्क्रीनवर एक आडवी रेघ आणि तिच्यावर उभे सुळके, बस्स. पहिला सुळका पारदर्शक पटलाचा, मग भिंगाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचे दोन, मग काचद्रवाची सपाट शांतता आणि शेवटी पडद्याचा उंच सुळका. काचद्रवाच्या त्या शांत पट्ट्यात मध्येच काही उभं राहिलं की काहीतरी बिनसलं आहे. २४ मिलिमीटर लांबीच्या डोळ्यात ध्वनी जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम ३१ भाग लागतात. हे मोजता येणं हेच मुळात इलेक्ट्रॉनिक्सचं यश होतं.

पण वेळेवरून अंतर काढायचं तर वेग माहीत हवा. ते कष्टाचं, फारसं न मिरवणारं काम उत्तर युरोपात झालं. फिनलंडचे आर्व्हो ओक्साला १९५७ पासून या विषयावर लिहीत होते आणि डोळ्याच्या निरनिराळ्या भागांतला ध्वनीचा वेग मोजत होते. स्वीडनमध्ये यान्सन आणि कोक यांनी १९६२ मध्ये दिलेले आकडे पुढे जगभर वापरले गेले: डोळ्यातल्या द्रवांत सेकंदाला १५३२ मीटर, भिंगात १६४१ मीटर. या कोरड्या आकड्यांचं महत्त्व पडद्याच्या शस्त्रक्रियेत सिलिकॉन तेल भरलेल्या डोळ्यात कळतं. तिथे वेग हजार मीटरच्या आसपास घसरतो आणि यंत्राला ते सांगितलं नाही तर भला सरळ डोळा स्क्रीनवर दीडपट लांबलेला दिसतो.

चित्र आलं १९५८ मध्ये. नेत्रतज्ज्ञ गिल्बर्ट बॉम आणि अभियंता आयव्हन ग्रीनवूड यांनी ध्वनीचा झोत डोळ्यावरून फिरवला आणि सुळक्यांच्या जागी उजळ-मंद ठिपके जोडून डोळ्याचा आडवा छेद उभा केला. हा बी-स्कॅन. डोळा त्यासाठी अगदी सोयीचा अवयव आहे. तो वरवर आहे, लहान आहे आणि आत बव्हंशी पाणीच आहे. वारंवारता वाढवली की तपशील बारीक होतो पण ध्वनी खोलवर पोचत नाही. म्हणून पोटाच्या तपासणीत ३ ते ५ मेगाहर्ट्झवर भागवावं लागतं. डोळ्यात १० मेगाहर्ट्झ सहज चालतात आणि तिथे ध्वनीलहरीची लांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. अडचण वेगळीच होती: प्रोब (ध्वनी सोडणारी आणि टिपणारी दांडी) आणि डोळा यांच्यामध्ये हवा चालत नाही, म्हणून या सुरुवातीच्या पद्धतीत डोळ्यापुढे पाणी धरून ठेवावं लागे. वाट पाहत बसलेल्या दहा रुग्णांचं असं कोण करणार?

त्यामुळे पहिली काही वर्षं हे तंत्र मोजक्या हौशी केंद्रांतच राहिलं. १९६४ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून सिडुओ ही संघटना उभी राहिली. भिंत उभी राहून तीनच वर्षं झालेल्या शहरात हे घडलं, याचं मला अजून नवल वाटतं.

खरी कलाटणी दिली ती कार्ल ओसॉइनिग यांनी, असं माझं मत. व्हिएन्नात काम सुरू करून पुढे अमेरिकेत आयोवाला गेलेल्या या डॉक्टरांना एक गोष्ट खटकत होती. एका यंत्रावर उंच दिसणारा सुळका दुसऱ्या यंत्रावर बुटका दिसतो, मग निदान कशाच्या जोरावर करायचं? त्यांनी ठरावीक नमुन्यावर यंत्राची संवेदनशीलता जुळवून घेण्याची शिस्त आणली आणि त्यासाठी खास घडवलेलं ए-स्कॅन यंत्र वापरलं. यालाच स्टँडर्डाइज्ड एकोग्राफी म्हणतात. आता सुळक्याच्या उंचीला अर्थ आला. सरकलेला पडदा शंभर टक्के उंचीचा सुळका देतो, काचद्रवातला पातळ पापुद्रा सहसा त्याहून कमी. मेलानोमाच्या आत सुळके बुटके असतात आणि आत जाताना आणखी खाली येतात, कारण गाठीतल्या पेशी एकसारख्या दाट असतात. रक्तवाहिन्यांच्या गाठीत, म्हणजे हिमॅन्जिओमात, भिंतीच भिंती असल्यानं सुळके उंच राहतात. ज्या आतल्या भरावासाठी पूर्वी डोळा काढावा लागे, तो आता रेघेवर वाचता येऊ लागला.

१९८० आणि ९० च्या दशकात अमेरिकेत मेलानोमावर मोठा बहुकेंद्री अभ्यास झाला. त्यात काढलेल्या डोळ्यांची पडताळणी केली तेव्हा निदान ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर निघालं. सगळं श्रेय ध्वनीचं नाही, फ्लुरेसीन अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून काढलेले रक्तवाहिन्यांचे फोटो) होती, अनुभवी हात होते. तरी जुन्या एक पंचमांशाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

पाण्याचा जाच संपवला नॅथनिएल ब्रॉन्सन यांनी. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी हातात धरून थेट पापणीवर टेकवायचा बी-स्कॅन प्रोब आणला. जेलचा थेंब पुरू लागला आणि तपासणी ओपीडीत आली.

तेव्हाच मोतीबिंदूच्या बाजूनं मागणी वाढत होती. हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, पण भिंगाचा हिशोब चुकला आणि रुग्णाला सुमारे उणे १८ चा नंबर आला. भिंगाची ताकद माणसागणिक काढायची तर डोळ्याची लांबी हवी आणि ती ए-स्कॅन देत होता. ही ताकद काढायच्या १९८० च्या एसआरके सूत्रात लांबीच्या दर मिलिमीटरला अडीच डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) धरलेले आहेत. म्हणजे प्रोब जरा जास्त दाबला, पारदर्शक पटल ०.२ मिलिमीटर आत गेलं, तर अर्ध्या डायॉप्टरची चूक झालीच. १९९९ च्या सुमारास प्रकाशानं, न टेकता लांबी मोजणारी यंत्रं आली आणि ए-स्कॅनचं हे राज्य गेलं. मोतीबिंदू फारच दाट असला की मात्र अजूनही त्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो.

डोळ्याच्या खोबणीत तर ध्वनीला फार लवकर प्रतिस्पर्धी मिळाला. १९७१ मध्ये माणसाचं पहिलं सीटी स्कॅन झालं आणि खोबणीच्या मागच्या टोकाचं, हाडाचं, सायनसचं काम सीटी आणि पुढे एमआरआयकडे गेलं. ध्वनी हाडातून नीट जात नाही, तिथे वादच नाही. थायरॉइडमुळे जाड झालेले डोळ्याचे स्नायू मोजायला आणि मागच्या स्क्लेरायटिसमध्ये (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाच्या दाहात) साचलेल्या द्रवाची इंग्रजी टीसारखी खूण पाहायला मात्र तो अजून कामाचा आहे.

दुसऱ्या टोकाला, टोरंटोच्या चार्ल्स पॅव्हलिन आणि स्टुअर्ट फॉस्टर यांनी १९९० च्या सुमारास वारंवारता ५० मेगाहर्ट्झवर नेली. हे यूबीएम, म्हणजे अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी, पाचेक मिलिमीटरच खोल पाहतं, पण पारदर्शक पटल आणि बुबुळ यांच्यामधला, काचबिंदूत महत्त्वाचा असलेला कोपरा ते अतिशय बारकाईनं दाखवतं.

आता हे प्रोब आपत्कालीन विभागातही पोचले आहेत. तिथे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली यंत्राच्या सेटिंगची: अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेनं डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनीच्या दाबानं इजा होण्याच्या शक्यतेच्या मापाची) मर्यादा ०.२३ ठेवली आहे, शरीराच्या इतर भागांसाठी ती १.९ आहे. पोटाच्या सेटिंगवर तोच प्रोब डोळ्यावर ठेवायचा नसतो. दुसरी, डोळा फुटल्याची शंका असेल तर पापणीवर दाब द्यायचा नाही. एरवी रुग्णाला सांगतात, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, आता थांबा. डोळा थांबल्यावरही काचद्रवातला पातळ पापुद्रा मोकळा झुलत राहतो. सरकलेला पडदा ताठर हलतो आणि मागे ऑप्टिक नर्व्हपाशी बांधलेला राहतो. रिपोर्टला जोडलेल्या स्थिर चित्रात हा फरक सहसा उतरत नाही. तो प्रोब धरणाऱ्यालाच दिसलेला असतो.