उज्ज्वला योजना

गरीब कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावावर, अनामत रक्कम न घेता स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी केंद्र सरकारची योजना. पूर्ण नाव प्रधानमंत्री उज्ज्वला योजना. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे ती सुरू झाली. सुरुवातीचे ५ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट पुढे ८ कोटींवर नेण्यात आले आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) देण्यात आली. ऑगस्ट २०२१ मध्ये महोबा येथून दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात शेगडी आणि पहिली टाकी मोफत मिळू लागली. पोटासाठी गाव सोडलेल्या कुटुंबांना रेशनकार्डाऐवजी स्वयंघोषणापत्रावर जोडणी घेण्याची सोयही त्यात झाली. आता अशा जोडण्या १० कोटींहून अधिक आहेत.

योजनेमागचे कारण चुलीच्या धुरात आहे. सरपण आणि गोवऱ्या पूर्ण जळत नाहीत. त्यांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुफ्फुसात खोल जातात. त्यातून मोठ्यांना दम्यासारखा श्वासाचा जुनाट विकार जडतो आणि लहान मुलांना न्यूमोनिया गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. फुंकणी घेऊन ओल्या लाकडाशी झटणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल हाच धूर सर्वांत जवळून घेतात. वर मोळीसाठीची पायपीट असतेच.

जोडणी घरात आली म्हणजे चूल विझली, असे मात्र झाले नाही. २०१९-२० मध्ये उज्ज्वला कुटुंबाने वर्षाला सरासरी ३ टाक्या घेतल्या, २०२३-२४ मध्ये ४ च्या आसपास. रोजचा सगळा स्वयंपाक एवढ्यात भागत नाही. म्हणून अनेक घरांत चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर, तर भाकरी, आंघोळीचे पाणी आणि गुरांचे आंबोण चुलीवर, अशी वाटणी दिसते. त्याला सवयीपेक्षा पैशाची वेळ अधिक कारणीभूत आहे. सरपण रोज थोडे थोडे गोळा करता येते, टाकीला मात्र सगळी रक्कम एकदम मोजावी लागते. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत १४.२ किलोची टाकी १,१०३ रुपयांना होती. तेव्हाचे २०० रुपयांचे अनुदान नंतर खात्यात जमा होई, पण ज्या दिवशी टाकी घ्यायची त्या दिवशी पूर्ण पैसे हातात हवेत. रोजंदारीवरच्या घराला हे जड जाते. ऑक्टोबर २०२३ पासून अनुदान ३०० रुपये झाले. ५ किलोच्या छोट्या टाकीचाही पर्याय आहे. रोजंदारीच्या हिशेबाला ती अधिक सोयीची, आणि तिचा प्रसार व्हायला हवा होता तितका झालेला नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेखाली पात्र कुटुंबांना वर्षाला ३ टाक्या मोफत भरून देण्याचा निर्णय झाला. त्याचा लाभ उज्ज्वलाच्या लाभार्थी महिलांनाही आहे.