खाली दाढ, वर डोळा

लातूर, परभणी, अंबाजोगाई, उदगीर, कुठल्याही गावातल्या दवाखान्यांच्या गल्लीतून चालत गेलं की एक पाटी हमखास दिसते. तिच्यावर एका बाजूला दाताचं चित्र, दुसऱ्या बाजूला डोळ्याचं. नवरा दातांचा डॉक्टर, बायको डोळ्यांची, नाहीतर उलट. आत एका खोलीत दातांची खुर्ची, दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत अक्षरांचा तक्ता, आणि बाहेरच्या बाकावर दोघांचे पेशंट एकत्रच बसलेले. ही जोडी लग्नाने जमवली, वैद्यकशास्त्राचा तिच्याशी संबंध नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या बाकावर तासभर बसलं तर एक प्रश्न कानावर पडतोच. गालाला पदर लावून बसलेली एखादी आजी विचारते, "दाढ लई ठणकायली हो, पण काढली तर डोळ्याला काही व्हायचं नाही ना?"

वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज मराठवाड्यात इतका पक्का आहे की त्यापायी माणसं वर्षानुवर्षं किडकी दाढ तोंडात वागवतात. लवंग धरतात, मिसरी लावतात, मेडिकलमधून गोळी आणतात, पण खुर्चीवर बसत नाहीत. समज खोटा आहे. तरी तो आला कुठून हे पाहण्यासारखं आहे.

चेहऱ्याच्या अर्ध्या भागाची सगळी संवेदना एकाच मोठ्या चेतातंतूकडे असते. त्याच्या तीन शाखा. पहिली कपाळ, वरची पापणी आणि बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला जाते. दुसरी गाल, खालची पापणी आणि वरच्या दातांना. तिसरी खालच्या जबड्याला. तिन्ही मागे जाऊन एकाच गाठीत मिळतात, त्यामुळे दुखणं नेमकं कुठून आलं यात मेंदूची गफलत होते. वरची दाढ किडली की डोळ्यामागे ठणका लागतो. उलटही घडतं. काचबिंदूचा अचानक झटका आला की डोळ्याचा दाब एकदम वाढतो, अर्धं डोकं दुखतं, कधी कळ दातापर्यंत जाते, आणि माणूस भलत्याच डॉक्टरकडे पोचतो. पण दिसण्याचं काम करणारा चेतातंतू पूर्ण वेगळा आहे. तो डोळ्याच्या मागच्या बाजूने निघतो आणि थेट मेंदूत जातो. दाढेच्या मुळाशी त्याची गाठभेट होत नाही, म्हणून दाढ उपटल्याने त्याला धक्का बसत नाही.

एक दुर्मीळ अपवाद सांगून ठेवतो. दाढ बधिर करायचं औषध क्वचित पसरून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत पोचतं आणि काही वेळ एकाच्या दोन वस्तू दिसतात. बधिरपणा उतरला की तेही जातं. समजाचं खरं कारण मला मात्र वयात दिसतं. दाढा हलायला लागतात त्याच वयात चाळिशी लागते, मग मोतीबिंदू येतो. दाढ दिवाळीत काढली आणि पुढच्या उन्हाळ्यात सुईत दोरा ओवता येईना, एवढं झालं तरी गावाला पुरावा पुरतो.

खरा धोका दाढ ठेवण्यात आहे. चेहऱ्याची रचना माळवदाच्या घरासारखी आहे. खाली वरच्या दाढांची रांग, तिच्यावर हवा भरलेली पोकळ खोली म्हणजे सायनस, आणि त्या खोलीचं माळवद म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन. दाढेची मुळं आणि सायनस यांच्यात हाडाचा पातळ पापुद्रा असतो. मुळाशी पू झाला की तो वर सायनसमध्ये शिरू शकतो आणि तिथून डोळ्याच्या खोबणीत. सुळ्याचा पू वेगळ्या वाटेने चढतो. नाकाच्या कडेने डोळ्याच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या शिरांतून रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं, त्यामुळे जंतुसंसर्ग थेट मेंदूच्या तळाशी जाण्याची भीती असते. दातदुखीबरोबर सूज पापणीपर्यंत आली, ताप भरला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, फिरवताना दुखला किंवा एकाचे दोन दिसायला लागले, तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. असं बाकावरच्या आजींना सांगितलं की त्या बऱ्याचदा म्हणतात, "मग काढा की लवकर."

काढताना टोचतात त्या औषधाचा इतिहासही दोघांचा सामाईक आहे. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचं द्रावण डोळ्यात टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. तोवर डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी पेशंटला दाबून धरायचं काम होतं. काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच औषध जबड्याच्या चेतातंतूपाशी टोचून दात बधिर केले. कोकेनचं व्यसन लागतं, आणि खुद्द हॉल्स्टेड यांनाच ते लागलं. पुढे १९४३ मध्ये स्वीडनच्या नील्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. आज या दवाखान्याच्या एका खोलीत ते हिरडीत टोचतात, दुसऱ्या खोलीत मोतीबिंदूआधी डोळ्याभोवती.

दातांच्या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनबरोबर बऱ्याचदा रक्तवाहिन्या आवळणारं ॲड्रिनलिन असतं, म्हणून काचबिंदू असेल तर आधी सांगावं. इथे एक नेहमीची गडबड होते. डॉक्टर विचारतात, "काही औषधं चालू आहेत का?" पेशंट "नाही" म्हणतो, कारण डोळ्यात टाकायचे थेंब त्याच्या हिशेबी औषधात धरलेलेच नसतात. काचबिंदूसाठी दिलेला टिमोलॉलचा थेंब नाकातून रक्तात उतरतो, हृदयाचे ठोके मंद करतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढवू शकतो. तिकडे लघवीच्या त्रासासाठी बरीच म्हातारी माणसं टॅमसुलोसिन घेतात. ते चालू असेल तर मोतीबिंदू काढताना बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, म्हणून डोळ्याच्या सर्जनला ते आधी कळलेलं बरं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही तसंच. त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, फक्त सांगायच्या.

आता साखर. पन्नाशीच्या आतबाहेरचा शेतकरी दात हलतात म्हणून येतो. एकही दात किडलेला नसतो, पण हिरड्यांत ठिकठिकाणी पू, आणि चूळ भरली की रक्त. जाणता दंतवैद्य दाताला हात लावण्याआधी रक्तातली साखर तपासायला पाठवतो. साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम भरत नाही, आणि हिरडी दाताला सोडायला लागते. हे नातं दुहेरी आहे. हिरडीची जुनी सूज इन्सुलिनचं काम अवघड करते. हिरड्यांचा नीट इलाज केल्यावर तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या HbA1c चाचणीचा आकडा सरासरी ०.३ ते ०.४ अंकांनी उतरतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा लहान वाटेल, पण दात साफ करून एवढं मिळतंय हे लक्षात घ्या.

त्याच माणसाला शेजारच्या खोलीत नेलं, बाहुली मोठी करणारे थेंब टाकले आणि डोळ्याच्या आतला, मागचा पडदा पाहिला, तर तिथेही बारीक लाल ठिपके सापडण्याची शक्यता असते. शरीरातल्या रक्तवाहिन्या चिरफाड न करता उघड्या दिसतात अशी ही एकच जागा. पडदा खराब होत असताना सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही कमी होत नाही, म्हणून मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा तो दाखवायचा. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शनं उरलेली नजर टिकवतात, पण पडद्याचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यात लोकांचे पैसे जातात. साखर वरखाली होत असताना डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि सोडतं, त्यामुळे चष्म्याचा नंबर बदलत राहतो. साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नये. केला तर महिनाभरात तो कपाटात जातो.

साखर दोन्ही खोल्यांत भेटते, तसाच चुना. तंबाखूत चुना मळतात तो चवीपुरता नाही. चुन्याच्या अल्कलीमुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जातं. किक बसते ती त्यामुळे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखूचं नुकसान दंतवैद्याला रोज दिसतं. गाल आतून पांढरा आणि ताठ होतो, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवायला जावं. दोन आठवड्यांत न भरलेला कुठलाही चट्टा किंवा फोड असेल तरीही.

तोच चुना डोळ्यात गेला तर काय होतं, हे चुन्याच्या पुडीशी खेळणाऱ्या लेकरांच्या आईबापांना विचारावं. प्लास्टिकची पुडी दाबली, दाताने फोडली, की पिचकारी सरळ डोळ्यात. आम्ल उडालं तर ते वरच्या थरातली प्रथिनं गोठवतं, आणि तो थरच पुढची वाट थोडी अडवतो. अल्कली थांबत नाही. पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत ती आत आत जाते. वर चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि तासन्‌तास झिरपत राहतात. अशा वेळी रिक्षा शोधायच्या आधी नळाखाली डोळा धरायचा. स्वच्छ पाणी सतत, किमान अर्धा तास, पापणी ओढून धरून. दूध नको, तूप नको, लिंबू तर अजिबात नको. मग डॉक्टर पापणी उलटून कण काढतात. पहिल्या दहा मिनिटांत पाणी मिळालं की नाही, यावर त्या लेकराच्या डोळ्याचं बरंचसं भवितव्य ठरतं.

दोन्ही डोळे असे जळून आटले, अश्रू संपले, की दान मिळालेलं बुबुळही टिकत नाही. त्यातल्या काहींसाठी एक उपाय आहे, आणि तो ऐकून दंतवैद्यही चमकतात. इटलीच्या बेनेदेत्तो स्ट्राम्पेल्ली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो काढला. पेशंटचाच सुळा मुळासकट आणि भोवतालच्या हाडासकट काढायचा. घासून त्याची पातळ चकती करायची, मधोमध भोक पाडायचं आणि त्यात पारदर्शक प्लास्टिकची नळकांडी बसवायची. ही चकती काही महिने गालात किंवा पापणीखाली पुरून ठेवतात, म्हणजे तिच्याभोवती जिवंत मांस आणि रक्तवाहिन्या वाढतात. डोळ्याच्या पृष्ठभागावर गालाच्या आतली त्वचा लावतात. नंतर चकती काढून डोळ्यात बसवतात आणि नळकांडीतून उजेड आत जातो. दातच का? तो स्वतःचा असल्याने शरीर त्याला नाकारत नाही, आणि प्लास्टिक घट्ट धरून ठेवण्याइतका तो टणक असतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. दिसायला तो डोळा विचित्रच, गुलाबी, मधे काळा ठिपका. पण काही वर्षांच्या अंधारानंतर नातवाचा चेहरा दिसला तर दिसण्याची तक्रार कोण करतो!

ती नळकांडी ज्या प्लास्टिकची असते त्याचं नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. आजोबांची कवळीही त्याचीच, फक्त गुलाबी रंगाची. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून कवळ्या त्यात घडू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे याच प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, आणि लंडनचे हॅरोल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं की डोळा ते तुकडे निमूट सहन करतो. त्यावरून नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात त्याचं भिंग बसवलं. तेव्हा अनेक ज्येष्ठांनी त्यांना वेड्यात काढलं. आज घडी घालून बारीक छेदातून आत जाणारी मऊ भिंगं निघाली, तीही बऱ्याचदा त्याच ॲक्रिलिक कुळातली. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले, त्या शस्त्रक्रियांचा पाया हाच.

सगळंच सामाईक नाही. किनवट भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर तपकिरी पट्टे पडतात, ते फक्त दाताच्या खोलीचं काम. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. आठेक वर्षांपर्यंत, दात आत घडत असताना, जास्त गेलं तर डाग कायमचा बसतो. घासून तो निघत नाही. दंतवैद्य त्यावर थर चढवून झाकतो. पाणी उकळूनही उपयोग नाही, उलट पाणी आटून फ्लोराइडचं प्रमाण वाढतं.

आणि उसाचं पातं लागून खरचटलेलं बुबुळ फक्त डोळ्याच्या खोलीचं. तोडणीच्या दिवसांत ते नेहमीचंच. पात्याबरोबर बुरशी आत जाते, आणि लालीवर म्हणून मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबाने ती फोफावते. डोळा दोन दिवस बरा वाटतो, मग पांढरा ठिपका पसरतो. काम अवघड असलं तर जालन्याचं गणपती नेत्रालय, दातांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय, असं पुढे पाठवतात.

खेड्यातून एसटीने येणाऱ्याला दोन्ही तपासण्या एकाच फेरीत उरकायच्या असतात. तर दात आधी, डोळे नंतर. बाहुलीचे थेंब टाकल्यावर चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही, मग एक्स-रे काढताना आणि संमतीच्या कागदावर सही करताना पंचाईत होते. परतीला मोटरसायकल स्वतः चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवं. जबडा बधिर असेल तर दोन-तीन तास गरम चहा नको, ओठ चावला गेला तरी कळत नाही. मधुमेहाची गोळी घेतली असेल तर उपाशी येऊ नका. आणि पिशवीत जुना चष्मा, गोळ्यांची पाकिटं आणि डोळ्यात टाकायच्या औषधाची रिकामी बाटलीसुद्धा असू द्या.