उकिडवं बसलं की रक्त वाट बदलतं

कळव्यात आमच्या इमारतीखाली मुलं पकडापकडी खेळायची. त्यांत चार वर्षांची एक मुलगी होती. दहा-पंधरा पावलं धावली की ती मध्येच थांबून उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट धरून. मिनिटभराने उठायची, पुन्हा धावायची. "दमते बिचारी," एवढंच सगळे म्हणत. तिची नखं जांभूळ खाल्ल्यासारखी निळसर होती, तिकडे मात्र बराच काळ कोणाचं लक्ष गेलं नाही.

टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली तेव्हा आजाराचं नाव कळलं: टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र. एतिएन-लुई फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, अंगभर रक्त नेणारी महाधमनी त्या भोकावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला. त्यामुळे अशुद्ध रक्तापुढे दोन वाटा असतात. एक फुप्फुसाकडची, अरुंद. दुसरी भोकातून थेट अंगभर जाणारी. जिकडे अडथळा कमी, तिकडे रक्त वळतं. उकिडवं बसल्यावर मांडीच्या धमन्या दबतात, अंगाकडच्या वाटेवर अडथळा वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. हे त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या शरीराने ते आपलं आपण शोधलं होतं.

आता ऑपरेशन थिएटरमधलं चित्र बघा. भुलेची बरीच औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. निरोगी मुलाचा रक्तदाब त्याने थोडा उतरतो आणि सावरता येतो. या मुलीच्या बाबतीत मात्र अंगाकडची वाट आणखी मोकळी होते, फुप्फुसाकडे रक्त जाईनासं होतं आणि ओठ काळेनिळे पडतात. झोपलेली मुलगी उठून उकिडवी बसू शकत नाही. तिच्या वतीने ते काम भूलतज्ज्ञाला करावं लागतं. म्हणून अशा मुलांना अनेकदा केटामाइन हे भुलेचं औषध देतात, कारण त्याने रक्तवाहिन्या फारशा सैलावत नाहीत. तरीही असं निळं पडण्याचा झटका आलाच तर ऑक्सिजन, सलाईन आणि रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलेफ्रिन. शिवाय झोपलेल्या मुलीचे गुडघे हाताने दुमडून छातीशी दाबून धरतात. इमारतीखाली ती जे करायची, नेमकं तेच!

रडण्यानेही हा झटका येतो. त्यामुळे आधी गुंगीचं औषध देऊन मूल शांत ठेवण्याला इथे फार महत्त्व आहे. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. एरवी असा बारीक बुडबुडा फुप्फुसात अडकतो, इथे तो भोकातून सरळ मेंदूकडे जाऊ शकतो.

आईवडिलांच्या हातातल्या दोन गोष्टी. शस्त्रक्रियेआधी भीतीपोटी मुलाला रात्रभर पाण्यावाचून ठेवू नका. ऑक्सिजनची तूट भरून काढायला निळ्या मुलांचं शरीर तांबड्या पेशी जास्त बनवतं, रक्त आधीच दाट असतं, पाणी कमी पडलं की ते आणखी दाटतं. साधं पाणी साधारणपणे भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमकी वेळ डॉक्टरांना विचारून घ्या. आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाईल म्हणून सर्दी-खोकला लपवू नका.

१९४४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सव्वा वर्षाच्या एका निळ्या मुलीवर पहिली गाजलेली शस्त्रक्रिया झाली. सर्जन ब्लेलॉक, बालहृदयतज्ज्ञ टॉसिग आणि आता ब्लेलॉक यांचे प्रयोगशाळेतले सहायक थॉमस यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. तेव्हा भूल देणारे मेरेल हार्मेल मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे अंगणवाडी आणि शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांना तपासतात. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे मोफत होतात. नखं निळी दिसली, मूल खेळता खेळता उकिडवं बसू लागलं, तर वाट पाहू नका.

बारा किलोच्या मुलीच्या अंगात जेमतेम लिटरभर रक्त असतं. तेवढं रक्त हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेऊन हृदय थांबवतात, भोक बुजवतात, अरुंद वाट रुंद करतात. मशीन सुटतं तेव्हा भूलतज्ज्ञाचं गणित उलटलेलं असतं. रक्ताला आता फुप्फुसाकडची एकच वाट उरलेली असते आणि इतका वेळ अंगाकडची वाट आवळून धरणारे हात आता ही नवी वाट मोकळी ठेवण्याच्या मागे लागतात.