पुराव्यापुढे मत बदलणे : एका विचाराची पार्श्वभूमी आणि कोल्हापूर

एखादे मत किती घट्ट धरावे आणि विरुद्ध पुरावा समोर आल्यावर ते किती सैल करावे, हा प्रश्न आपण बहुधा स्वभावाचा किंवा संस्कारांचा मानतो. विसाव्या शतकात मात्र तो गणिताच्या भाषेत काटेकोरपणे मांडला गेला आणि त्या मांडणीच्या इतिहासात कोल्हापुरात जन्मलेल्या दोन व्यक्तींचा जवळून संबंध येतो. पहिले संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार, जन्म 1919. दुसरे त्यांचे भाचे, खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, जन्म 19 जुलै 1938. केंब्रिज विद्यापीठाचे मानाचे ॲडम्स पारितोषिक मामांना 1960 मध्ये आणि भाच्याला 1967 मध्ये मिळाले. नारळीकरांचे नाव कोल्हापुरात अभिमानाने घेतले जाते. हुजूरबाजारांचे नाव संख्याशास्त्राच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते आणि ही उणीव भरून निघायला हवी असे मला मनापासून वाटते.

या गणिताचे मूळ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने त्या कल्पनेला व्यापक रूप दिले आणि विसाव्या शतकात केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी 1939 च्या आपल्या संभाव्यताविषयक ग्रंथात तिच्यावर विज्ञानातील अनुमानाची संपूर्ण पद्धत उभारली. मूळ विचार सोपा आहे. प्रत्येक मतावर आपला काही एक विश्वास आधीच असतो; नवा पुरावा आला की, तो पुरावा आपले मत खरे असताना मिळण्याची शक्यता किती आणि खोटे असताना मिळण्याची किती, यांचे गुणोत्तर काढायचे आणि त्या प्रमाणात विश्वास कमी-अधिक करायचा. समजा, एकाला आपल्या मताची 90 टक्के खात्री आहे आणि असा पुरावा मिळाला की जो ते मत खरे असण्यापेक्षा चुकीचे असताना नऊपट अधिक संभवतो. हिशेबाने त्याची खात्री 50 टक्क्यांवर यायला हवी. ज्याला 99 टक्के खात्री होती, त्याची त्याच पुराव्याने सुमारे 92 टक्क्यांवर येते. आणि ज्याला शंभर टक्के खात्री होती, त्याची शंभरच राहते. पुरावा नऊपट असो वा नऊ कोटीपट, आकडा तसूभरही हलत नाही.

या शेवटच्या ओळीचे महत्त्व डेनिस लिंडली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने ओळखले आणि तिला ‘क्रॉमवेलचा नियम’ असे नाव दिले. इंग्रज सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेलने ऑगस्ट 1650 मध्ये स्कॉटलंडच्या धर्मसभेला पत्र लिहून, आपण चुकत असण्याची शक्यता निदान मनात तरी आणा, अशी कळकळीची विनंती केली होती. धर्मसभेने ती मानली नाही आणि महिन्याभरात डनबारच्या लढाईत स्कॉटिश सैन्य हरले. तार्किक सत्ये वगळता कोणत्याही विधानाला शून्य किंवा शंभर टक्के संभाव्यता देऊ नये, असे लिंडलीच्या नियमाचे म्हणणे आहे. मोकळ्या मनाची याहून नेमकी व्याख्या मला आढळलेली नाही, कारण ती मत सोडायला सांगत नाही. पुराव्याला आत येण्यापुरती फट ठेवायला सांगते.

हुजूरबाजारांनी केंब्रिजला डॉक्टरेटचे संशोधन केले ते याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली. भारतात परतल्यावर त्यांनी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली आणि 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. त्यांच्या गुरूंची पुढची कथा मात्र या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. जेफ्रीज हे थोर भूभौतिकशास्त्रज्ञही होते. पृथ्वीचा गाभा द्रवरूप असल्याचा निष्कर्ष त्यांनी 1926 मध्ये मांडला होता. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये भूखंड सरकतात अशी कल्पना मांडली, तेव्हा जेफ्रीज यांनी गणित करून दाखवले की वेगेनर ज्या बलांचा आधार घेतात ती भूखंड हलवण्यास अगदीच तोकडी आहेत. हे गणित बरोबर होते. चूक पुढच्या पायरीत होती : सुचवलेले कारण अपुरे आहे, म्हणून घटनाच अशक्य आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1963 मध्ये केंब्रिजच्याच व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा, समुद्रतळ पसरत असल्याचा पुरावा म्हणून, अर्थ लावला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बहुतेक भूशास्त्रज्ञांनी आपले मत बदलले. जेफ्रीज 1989 मध्ये, वयाच्या 97 व्या वर्षी निवर्तले तोवर विरोधातच राहिले. मत कसे बदलावे याचा पाया घालणाऱ्या माणसाला स्वतःचे एक मत बदलता आले नाही, यात मला ढोंग दिसत नाही. ज्या विषयात आपण सर्वाधिक जाणकार असतो आणि ज्यात आपले मूळ गणित खरोखरच बरोबर असते, तिथेच फाजील आत्मविश्वासाला सर्वांत भक्कम आधार मिळतो, असा माझा त्यावरून निष्कर्ष आहे.

भाच्याच्या वाट्याला याच प्रकारचा, पण अधिक गुंतागुंतीचा प्रसंग आला. नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी झाले. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये स्थिर स्थितीचे विश्व मांडले होते. विश्वाला आरंभ नाही आणि ते सर्वकाळ साधारण सारखेच दिसले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. या सिद्धांताचा मोठा गुण असा की तो खोडता येण्याजोगा होता : पूर्वीचे विश्व आजच्याहून वेगळे दिसले, तर तो पडणार होता. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचा वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभाचा अवशेष मानल्या गेलेल्या प्रारणाचा, शोध जाहीर झाला. त्याच वर्षी हॉईल यांनी मूळ स्वरूपातला सिद्धांत टिकत नसल्याचे जाहीरपणे म्हटले, परंतु पुढे ते पर्यायांच्या शोधाकडे परतले. 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी ‘अर्ध-स्थिर स्थिती’चा सिद्धांत मांडला, तोपर्यंत हे प्रारण मोजणाऱ्या कोबे उपग्रहाच्या मोजमापांनंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला तप्त आरंभ होता या मताच्या, बाजूने गेले होते.

नारळीकरांनी अखेरपर्यंत पर्याय सोडला नाही. हा हट्ट म्हणावा की चिकाटी? नारळीकरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला असे वाटते की 1948 चा सिद्धांत अधिक धाडसी होता, कारण हरण्याची अट त्याने स्वतःच सांगितली होती. 1993 च्या रूपात जुळवून घेण्याच्या जागा वाढल्या, तशी ती अट धूसर झाली. मात्र बहुमत एका बाजूला झाले म्हणून प्रश्न संपला असे मानू नये, हा त्यांचा आग्रह क्रॉमवेलच्या नियमाला धरूनच होता. शिवाय जीव पृथ्वीबाहेरून आले असावेत या आवडत्या कल्पनेबाबत संयम त्यांनी दाखवलाही. 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून बलून सोडून सुमारे 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेण्यात आले. दुसऱ्या उड्डाणात जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि एकीला हॉईल यांचे नाव मिळाले. तरीही ते जीव पृथ्वीबाहेरून आले हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे स्पष्टपणे सांगण्यात आले.

याच क्षेत्रात चुकीच्या कबुलीचा एक स्वच्छ नमुना 1923 मधला आहे. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी विश्व प्रसरण पावू शकते असे गणिताने दाखवले, तेव्हा 1922 मध्ये आइन्स्टाइन यांनी त्या गणितावर छापील शंका घेतली. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात त्यांनी लहानशी टीप देऊन आपली टीका स्वतःच्या आकडेमोडीतील चुकीवर आधारलेली होती, असे मान्य केले. टीका जिथे छापली, तिथेच कबुली छापली, हे मला त्यात विशेष वाटते. खासगीत चूक कबूल करणारे पुष्कळ असतात, पण जाहीर विधानाची दुरुस्ती जाहीरपणे झाली नाही तर वाचकांपुढे चुकीचे विधानच उरते.

हरण्याची अट आधी ठरवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात एकदा सर्वांसमोर करून दाखवण्यात आले. 2008 मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे, म्हणजे मामांनी उभारलेल्या विभागाचे, सुधाकर कुंटे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या गेल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायचे होते. नाणे उडवूनही सरासरी 20 बरोबर येतात. 28 किंवा अधिक बरोबर आल्यास ते यश मानायचे, कारण केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे 27 जणांनी पाठवली. सरासरी यश 46 टक्के आले आणि सर्वाधिक गुण 40 पैकी 24 होते. कोल्हापूरच्या मातीत कुस्ती निकाली करायची की बरोबरीत सोडवायची, हे जसे जोड लावतानाच ठरते, तसे इथे ठरले होते. एरवी मतामतांच्या बहुतेक लढती बरोबरीत सुटतात, कारण पाठ लागली म्हणजे काय, हे कोणी आधी सांगतच नाही.

संख्याशास्त्राच्या या बाबी कोल्हापूरकरांच्या रोजच्या जगण्यापासून दूर नाहीत. पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पातळी शहरभर विचारली जाते; 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे शाळकरी मुलालाही माहीत असते आणि मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी शिवाजी पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढले, की वयस्क मंडळी पुढचा अंदाज बांधू लागतात. 2005 च्या महापुराने अनेक घरांच्या भिंतींवर आणि त्याहून अधिक मनांवर एक खूण ठेवली. तेव्हा पाणी आले नाही, म्हणजे आता येणार नाही, या खात्रीने 2019 च्या ऑगस्टमध्ये अनेक कुटुंबे घरातच थांबली. पातळी 55 फुटांवर गेली आणि त्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला सर्वांत मोठा पूर हीच कमाल मर्यादा मानण्याची चूक तज्ज्ञांकडूनही होते. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला.

पूररेषांबाबतही असेच घडते. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आखली जाते. यातून अनेक जण असा अर्थ घेतात की एकदा मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही. खरा अर्थ असा, की दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता 1 टक्का आहे आणि म्हणून 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते. हा 1 टक्काही कायमचा नव्हे. तो उपलब्ध नोंदींवरून काढलेला अंदाज असतो आणि 2005, 2019, 2021 अशी वर्षे नोंदींत जमा झाली की गणित पुन्हा करावे लागते.